लाल फीत

रविवारपासून आमच्या गाडीला ढोलपथकातले सगळे 'फाईल' म्हणायला लागलेत. "फाईल कुठे लावलीस?" "फाईल पुढे सरकली का?" आणि हसतात. मी पण हसतो, करणार काय, पण आतून जळतं.

गाडी म्हणजे माझदा मियाटा, २००८ ची, दोन सीटची, छप्पर मागे जातं. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये घरटी एक सात सीटर व्हॅन असते, तिथे दोन सीटची गाडी घेतली की माणसाने संसारातून अंग काढून घेतलंय असंच बघतात लोक. सेकंडहँड घेतलेली, सीटबेल्ट काळे आणि कडेने सूत निघालेले. म्हटलं बदलायचेच आहेत तर लाल टाकू. पोर्शावाले जास्तीचे पैसे घेऊन कंपनीतूनच रंगीत बेल्ट देतात, मग आपण काय घोडं मारलंय. बायको म्हणाली, त्यापेक्षा केस काळे कर, स्वस्तात पडेल.

तर इकडे अशी माणसं आहेत की आपण बेल्ट रिळासकट काढून पोस्टाने पाठवायचे, ते जुना पट्टा उसवून त्याच रिळावर हव्या त्या रंगाचा नवा शिवून परत पाठवतात. दोन बेल्टचे दीडशे डॉलर, शिपिंग वेगळं. "ज्याच्यावर जीव टांगायचा ते तू पोस्टात टाकलंस?" हे पण बायकोच. काढतानाची कथा थोडक्यात सांगतो कारण आठवलं की बोटं दुखतात. रिळात फटाक्यासारखा एक छोटासा बार असतो, अपघात झाला की तो उडतो आणि बेल्ट क्षणात आवळला जातो, म्हणून आधी बॅटरी सोडवायची, थोडा वेळ गप बसायचं, मग पिवळा कनेक्टर काढायचा, मग सतरा नंबरचा पाना लावून बोल्ट. व्हिडिओतल्या माणसाने हे सगळं बावीस मिनिटांत केलं आणि शेवटपर्यंत त्याचे हात स्वच्छ. माझा एका बाजूचा बोल्टच बावीस मिनिटं हलला नाही. प्लास्टिकच्या चार क्लिपा तुटल्या. आणि मधेच काच वर घ्यायची म्हणून मी शहाण्याने बॅटरी जोडून किल्ली फिरवली, पिवळा कनेक्टर लोंबकळत असताना, आणि एअरबॅगचा दिवा जो लागला तो लागलाच.

दोन आठवड्यांनी बेल्ट आले. काय लाल! कुंकवासारखे. मी एक रीळ हातात घेतलं, पट्टा ओढला, तर दोन इंच आला आणि अडकला. सोडला, पुन्हा ओढला, खट्. हळू ओढला, खट्. दुसरं घेतलं, ते पण खट्. माझं डोकंच फिरलं. तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून त्या लोकांना सणसणीत ईमेल लिहिला, तुम्ही दोन्ही रिळं बिघडवलीत, पैसे परत द्या, वगैरे. पाठवला. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "काय चाललंय?"

हे काका चार घरं सोडून राहणाऱ्या एकाचे वडील. सहा महिन्यांसाठी आलेत, त्यातले चार झालेत, आणि त्यांचा वेळ जात नाही. दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. रोज सकाळी मोजे, सँडल आणि माकडटोपी घालून (ऑगस्टमध्ये!) फिरायला निघतात आणि ज्याच्या गॅरेजचं दार उघडं त्याच्याकडे थांबतात. कुणी न सांगता त्यांनी बादली उपडी केली आणि बसले.

"दोनच सीटा?"

"हो काका."

"मग आई-वडील आले की कुठं बसवणार?"

"दुसरी गाडी आहे ना."

"म्हणजे ही कशाला?"

याला उत्तर नाही. तीन वर्षं झाली, मलाही सापडलेलं नाही. मग त्यांनी बेल्टला किती लागले विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मनातल्या मनात रुपयात केलं आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. नंतर शिवण बघितली, चष्मा कपाळावर ढकलून, नखाने टाके दाबत, अगदी टोकापर्यंत. "शिवण चांगली आहे," म्हणाले, "पण रंग असला कसला घेतलास? सरकारी फाईल बांधतात तसला! लाल फीत! तू यात बसलास की तुझं काम अडलंच समज." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. फोन काढला, पिंपरीला काकूंना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्र असेल नसेल, "हे बघ, हा आपला शेजारी, यानं गाडीला लाल फीत बांधलीये." काकूंनी मला जेवलास का विचारलं.

मी जरा चिडूनच म्हटलं, काका, रिळं बिघडलीत, पट्टाच सुटत नाहीये. त्यांनी माझ्या हातातलं रीळ घेतलं, हवेत धरलं, थोडं फिरवलं, अजून थोडं, आणि पट्टा सर्रर्र करून बाहेर आला. मीटरभर. बादलीपासून माझ्या पायापर्यंत.

"आत गोळी असते रे," म्हणाले. "गाडी कलली की गोळी सरकते आणि दात्यात अडकवते. घाटात गाडी उलटली तर पट्टा सुटायला नको ना. तू धरलंयस आडवंतिडवं, त्याला वाटतंय गाडी पलटी झालीये. गाडीत ज्या कोनात बसतं तसं धर, गुमान सुटेल."

मी ईमेलचा विचार करत होतो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"शिवनेरीच्या ड्रायव्हर सीटचा बेल्ट खोललाय मी. अरे बेल्ट काढला कुणी? व्होल्वोनंच ना!"

मी म्हटलं हो काका, पण ती गाड्यांची कंपनी, नील्स बोलिन म्हणून त्यांचा इंजिनिअर होता, त्याने १९५९ मध्ये हा तीन टोकांचा बेल्ट केला, आणि कंपनीने ते पेटंट सगळ्यांना मोकळं सोडलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे शिवनेरीच्या आधी," म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यात दादर-पुणे मार्ग काही हलला नाही. पण मला टोचलं ते वेगळंच. व्होल्वोने फुकट दिलेल्या वस्तूला मी दीडशे डॉलर दिले, ते पण नुसत्या रंगाचे.

आणि हे सगळं ज्ञान असलेला माणूस स्वतः बेल्ट लावत नाही! तिकडे भारतात पुतण्याच्या गाडीत नुसती खोटी जीभ खुपसून ठेवलीये म्हणे, टुणटुण बंद व्हायला. त्याच त्या क्लिपा, २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना काढायला लावलेल्या. मी म्हटलं काका, तुम्हाला तर आतली गोळीसुद्धा माहितीये. तर म्हणे, "शर्टाची इस्त्री मोडते." यावर काय बोलणार? आपल्याकडे मागच्या सीटचे बेल्ट कव्हरखाली कायमचे गाडलेले असतात, काढायला गेलं की ड्रायव्हर असं बघतो की जणू त्याच्या ड्रायव्हिंगवर संशय घेतला. असो. विनोदी लिहायला बसलोय.

ईमेलचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एक ओळ, रीळ सरळ धरून बघा, आणि एक हसरा चेहरा. तो चेहरा मला अजून दिसतो.

बसवताना डाव्या बेल्टला अर्धा पीळ राहिला, तो बोल्ट आवळून झाल्यावर कळला, मग परत सगळं उघडलं, अजून दोन क्लिपा गेल्या. एअरबॅगचा दिवा शेवटी गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून घालवला, दहा मिनिटांचं काम, आणि त्याचे जवळजवळ एका बेल्टएवढे पैसे घेतले. काकांनी तोवर 'लाल फीत' अख्ख्या ढोलपथकात पोचवली होती.

काल ग्रुपवर मेसेज, "प्रॅक्टिसला मिसळ आहे, फाईलवाल्याने येताना पातेलं आणावं." रागारागाने आणलं. शेजारच्या सीटवर ठेवून बेल्ट लावला, सिग्नलला ब्रेक मारला तेव्हा खट् करून त्याने पातेलं धरलंही, पण झाकण सरकलं आणि तर्री बेल्टवर. पुसायला गेलो तर डाग कुठे तेच सापडेना, लालावर लाल. वास मात्र येतोय.