रूईबॉस लाल असतो म्हणून त्यात लोह असतं??

आत्यानं फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना मला चार ठिकाणांहून आलाय. त्यात काय, तर रूईबॉस हा आफ्रिकेतला लाल चहा, पानं झाडावरच लाल कारण लोह ठासून भरलंय, 5000 वर्षं जुना, जंगलात आपोआप उगवतो, कॅफीन नाही. सोडून दिलं असतं, पण आत्याच्याच मुलीला सहावा महिना लागलाय, हिमोग्लोबिन कमी आहे आणि ती विचारतेय की मग लोहाच्या गोळ्या बंद करू का.

नाही!! अजिबात नाही.

अहो पान झाडावर हिरवंच असतं. सुईसारखं बारीक, तूर-हरभऱ्याच्या कुळातलं झुडूप, केप टाउनच्या उत्तरेला सेडरबर्गच्या डोंगरांत होतं. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, फांद्या विळ्यानं कापतात, बारीक तुकडे करतात, ठेचतात, पाणी मारून ढीग लावतात आणि हवा लागून लागून रात्रभरात तो लाल होतो, मग उन्हात पसरून वाळवतात. ढीग न लावता लगेच वाळवला तर हिरवा राहतो, तोही ग्रीन रूईबॉस म्हणून मिळतो. यात लोह आलं कुठून? लाल रंगानं रक्त वाढत असतं तर कोकम सरबत पिऊन अख्ख्या कोकणात कुणालाच ॲनिमिया नसता.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल. 1979 ला साउथ आफ्रिकन मेडिकल जर्नलमध्ये तरुण पुरुषांवरची एक चाचणी आली होती. पाण्याबरोबर दिलेलं लोह 9.34 टक्के शोषलं गेलं, साध्या चहाबरोबर 1.70, रूईबॉसबरोबर 7.25. म्हणजे आपला चहा लोह अडवतो, हा फारसा अडवत नाही. अडवत नाही म्हणजे देतो असं नाही ना! आणि पाणी त्याच्याही पुढे आहे, तेही फुकटात.

बाकीचं पटकन. कॅफीन नाही, हे बरोबर. 5000 चा आकडा कुणी काढला देव जाणे. खोई आणि सान या तिथल्या मूळ रहिवाशांचं ज्ञान जुनं आहेच, रूईबॉस उद्योगाशी झालेल्या 2019 च्या करारात त्यांना शेतकऱ्याला मिळणाऱ्या दराच्या 1.5 टक्के वाटाही ठरलाय. पण बाजारात आणला तो 1904 च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्यानं, आणि बी इतकं टणक की घासल्याशिवाय धड रुजत नाही, ते रुजवणं तिथल्याच डॉ. नॉर्टिएंनी जमवल्यावर 1930 च्या दशकात शेती सुरू झाली. जंगली थोडाफार अजून गोळा करतात, पण डब्यात येतो तो बहुतेक शेतातलाच.