‘पेशी पाचशेच्या वर, आता गोळ्या बंद’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. एचआयव्हीच्या गोळ्यांनी गाल बसतात, रक्त कमी होतं, किडनी जाते. म्हणून खाणंपिणं सांभाळा, सकाळी गुळवेलीचा काढा घ्या आणि पेशी (म्हणजे रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी4 पेशी) पाचशेच्या वर गेल्या की गोळ्या सोडा. शेवटी अर्थातच ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

गालांचं म्हणणं सगळंच खोटं नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. 1 एप्रिल 2004 ला सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाली तेव्हा स्टॅव्हुडीन नावाचं औषध सर्रास दिलं जाई. त्यानं चेहऱ्याची, हातापायांची चरबी झडायची, तळपायांना मुंग्या यायच्या. झिडोव्हुडीननं काहींचं हिमोग्लोबिन पार खाली यायचं. घरातलं माणूस असं झालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या भीतीची मी थट्टा करणार नाही. पण स्टॅव्हुडीन टप्प्याटप्प्यानं बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्येच सांगितलं. आज नव्यानं उपचार सुरू करणाऱ्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली रोजची एकच गोळी मिळते. तिचेही त्रास आहेत: काहींचं वजन वाढतं, काहींची झोप बिघडते, टेनोफोविरमुळे किडनी नीट चालतेय ना हे पाहायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं. त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलू शकतात. मेसेजवाला मात्र वीस वर्षांपूर्वीच्या औषधाचे गुन्हे आजच्या गोळीवर दाखल करतोय.

‘पेशी वाढल्या की सोडा’ हे मात्र जीवघेणं आहे. गंमत म्हणजे हा विचार डॉक्टरांनाही एकदा पटला होता. औषधाला मधूनमधून सुट्टी दिली तर दुष्परिणाम तरी टळतील, म्हणून ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत 5,472 जणांवर हे तपासलं. निम्म्यांनी गोळ्या चालू ठेवल्या. उरलेल्यांना पेशी 250 च्या खाली गेल्यावर गोळ्या द्यायच्या आणि 350 च्या वर आल्या की थांबवायच्या, असं ठरलं. 2006 मध्ये हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. गोळ्या थांबवणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घटली की गाठणारे) आणि मृत्यू मिळून अडीच पटींहून जास्त निघाले. वर हृदय, यकृत आणि किडनीचे गंभीर आजारही त्यांच्यातच जास्त! किडनी वाचवायला गोळी सोडा म्हणणाऱ्यानं एवढं तरी वाचायला हवं होतं.

कारण साधं आहे. पेशी वाढल्या म्हणजे विषाणू गेला असं नव्हे. तो काही पेशींत दडून असतो आणि गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा रक्तात दिसू लागतो. गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या, असं चाललं तर तो औषधाला दादही देईनासा होतो.

आहाराबद्दल वाद नाही. अंडी, डाळ, शेंगदाणे जरूर खा. त्यानं अंगात ताकद येते, विषाणूची वाढ थांबत नाही.

गुळवेल ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक समजली जाते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद बाजूला ठेवू. काढा, चूर्ण काहीही घेत असाल तर एआरटी केंद्रात सांगा, एवढंच. साधी कॅल्शियमची, लोहाची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळीसुद्धा डोल्युटेग्राविरचं शोषण कमी करू शकते. गरोदर बाईला तर लोह-कॅल्शियम हमखास लिहून देतात, तेव्हा कोणती गोळी कधी घ्यायची हे विचारूनच घ्यायला हवं.

मेसेजात पेशी आहेत, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, मात्र उल्लेखही नाही. जोडीदाराला लागण होईल का, हे ठरतं ते व्हायरल लोडवर. 2011 मध्ये निष्कर्ष आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पुण्यातलीही जोडपी होती. लवकर उपचार सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांतून तर हे पक्कं झालं, की व्हायरल लोड सतत दबलेला असेल तर शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. गोळी सोडली की हे संरक्षणही जातं.

मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर ओरडा बसेल म्हणून केंद्र टाळू नका. किती दिवस चुकले ते खरं सांगा. जायला धीर होत नसेल तर आधी 1097 वर फोन करा, तो मोफत आहे.