शेवाळाला ताक कशाला?

पावसाळा लागला की हा मेसेज दरवर्षी उगवतो. यंदा माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि गच्चीवरच्या बागवाल्यांच्या. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर साधारण असा:

"मूठभर शेवाळ खरवडून आणा, ट्रेकला गेलात तर उत्तमच. एक वाटी ताक आणि चमचाभर साखर घालून मिक्सरला फिरवा. ब्रशने कुंडीला लावा. रोज एक फवारा मारा. पंधरा दिवसांत मखमली गालिचा! ऊन नको, खत नको. शिवाय शेवाळाची एक भिंत २७५ झाडांइतकी हवा शुद्ध करते."

खाली हिरव्यागार कुंडीचा फोटो. मीही एका वर्षी त्या फोटोला भुललो होतो, म्हणून आता एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"मूठभर शेवाळ आणा"

कुठलं? आपल्याकडे विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर शेवाळ, टाकीत धरलेली हिरवी साय शेवाळ आणि कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यावर श्रावणात चढणारी मखमलही शेवाळच. यातली पहिली दोन शैवलं. तिसरी म्हणजे मॉस. शाळेत 'ब्रायोफायटा' म्हणून शिकलो होतो, 'वनस्पतिसृष्टीतले उभयचर' वगैरे. कुंडी सजवायची ती या तिसऱ्याने. आमच्या ग्रुपमधल्या एका उत्साही काकांनी टाकीच्या ओव्हरफ्लोखालचा चिकट थर काढून ताकात घुसळला आणि दोन आठवडे कुंडीकडे टक लावून बसले. त्यातून मॉस येणारच नव्हतं. गव्हाच्या पिठाची भाकरी थापून ती ज्वारीची होण्याची वाट बघण्यातला प्रकार.

ओळखायचं कसं? नखाने उचलून बघा. बोटाला नुसता चिकटा लागला तर शैवल. बारीक देठ आणि त्यांवर तिळाहून लहान पानं दिसली तर मॉस. पावसाळ्यात त्यातून केसासारख्या दांड्या वर येतात आणि टोकाला बीजाणूंची इवलीशी कुपी असते. ती दिसली की शंकाच नको.

"एक वाटी ताक, चमचाभर साखर"

सगळ्या मेसेजात मला सर्वांत जास्त राग या ओळीचा आहे, कारण माझी कुंडी हिनेच नासवली. तिसऱ्या दिवशी बाल्कनीत आंबूस वास सुटला. चौथ्या दिवशी साखरेला मुंग्या लागल्या. आठवड्याने कुंडीवर राखाडी लव आली. मला वाटलं, आलंच मॉस! भिंग लावून पाहिलं तर शिळ्या भाकरीवर येते तसली बुरशी. आईने दारातूनच विचारलं, "हे काय नासवून ठेवलंयस?" तिचं निदान माझ्याआधीचं आणि अचूक होतं.

मॉसला मुळं नसतात. खाली जे धागे दिसतात ते मूलाभ, त्यांचं मुख्य काम धरून ठेवण्याचं. पाणी आणि क्षार ते अंगानेच शोषतं. पान बहुतेक ठिकाणी एका पेशीइतकंच जाड असतं. साखर ते उजेडात स्वतः बनवतं. त्याला लागणारे क्षार पावसाच्या पाण्यातून आणि धुळीतून भागतात. तुम्ही दिलेली साखर आणि दुधातली प्रथिनं खायला कुंडीवर दुसरे पाहुणे हजर असतातच, बुरशी आणि जिवाणू, आणि मॉसचा एक कोंब फुटायच्या आत त्यांची पंगत उठलेली असते. शेवाळाला भूक नसते हो, तहान असते.

ताकाची बाजू घेणारे म्हणतात, मॉसला आंबटपणा आवडतो. काही जातींना आवडतो, खरं आहे. पण आपल्या इमारतींच्या प्लास्टरवर, कंपाउंडच्या सिमेंटवर सगळीकडे दिसणारी हायोफिला नावाची जात चुन्याच्या पृष्ठभागावरच सुखाने नांदते. तिला उचलून ताकात बुडवायचं म्हणजे तिचं घर मोडायचं.

"मिक्सरला फिरवा"

इथे मेसेजवाला निम्मा बरोबर आहे. मॉसचा तुकडा पुन्हा नवं रोप देऊ शकतो, अगदी एका पानाचासुद्धा. आधी त्यातून हिरवे तंतू पसरतात आणि त्या तंतूंवर मग कोंब येतात. जपानी माळी वाळलेलं मॉस हाताने चुरून मातीवर पेरतात, त्याच्यामागे हेच तत्त्व आहे. पण ते चुरतात, वाटत नाहीत. मिक्सरच्या पात्याखाली चटणी झाली की बहुतेक पेशी फुटतात आणि फुटलेली पेशी काही उगवत नाही. कसुरी मेथी तळहातावर चोळतो तेवढंच चोळा. मिक्सरचं भांडंही वाचेल.

"पंधरा दिवसांत गालिचा"

पंधरा दिवसांत, तेही भर पावसात, फार तर मघाचे तंतू धरतील. दिसायला हिरवट डाग. गालिचा व्हायला वर्ष सहज जातं. क्योटोतल्या साइहोजीचं उदाहरण मला फार आवडतं. लोक त्याला 'शेवाळाचं देऊळ' म्हणूनच ओळखतात. बागेत मॉसच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत आणि १९९४ पासून ते जागतिक वारशात आहे. १३३९ मध्ये मुसो सोसेकी या झेन गुरूने बाग नव्याने घडवली तेव्हा तिथे मॉसचा गालिचा नव्हता. पुढे कित्येक शतकांनी देवळाकडे देखभालीला पैसे उरले नाहीत, बाग आबाळली आणि दमट जमिनीवर मॉस आपणहून पसरलं. आज तिथले माळी लावतात कमी आणि झाडतात जास्त: पडलेली पानं आणि तण रोज हाताने काढायचं. पानाखाली झाकलं गेलं की मॉस गुदमरतं.

फोटोतली कुंडी? बहुधा तयार मॉसचे पापुद्रे चिकटवलेली. त्यात वाईट काही नाही, पण मग ताकाची गोष्ट कशाला सांगायची?

"रोज एक फवारा"

ही ओळ निरुपद्रवी वाटते, पण मॉसचा जीव घेते ती हीच.

मे महिन्यात आमच्या गच्चीच्या कठड्यावर काळपट खरपुडी असते. ती हायोफिलाच. पानं विडीसारखी आतल्या बाजूला गुंडाळलेली. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'इन्व्होल्युटा'चा अर्थही तोच. बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा आणि भिंगातून बघत बसा. अर्धं मिनिट जात नाही तोच पानं उलगडतात, काळ्याचं हिरवं होतं. कितीही वेळा पाहिलं तरी माझी हौस फिटत नाही. आणि म्हणूनच माणूस फसतो, त्याला वाटतं, एवढ्याशा पाण्यावर भागतंय!

आत वेगळाच हिशेब चाललेला असतो. कोरडं पडलेलं मॉस जागं झालं की आधी मोडतोड दुरुस्त करतं आणि त्यासाठी साठवलेली साखर जाळतं. सुरुवातीला खर्च जास्त, कमाई कमी. बराच वेळ ओल टिकली तर कमाई सुरू होऊन तूट भरून निघते. पण तुम्ही सकाळी नऊला एक फवारा मारून ऑफिसला गेलात आणि दहाला कुंडी सुकली, तर त्या दिवशी खर्च झाला आणि पगार बुडाला. असं रोज केलं की महिन्याभरात ते पिवळं पडून मरतं. त्यापेक्षा त्याला महिनाभर कोरडं झोपू दिलेलं परवडतं.

म्हणजे भिजवायचं तर चिंब, आणि ओल तासन्‌तास राहील अशा वेळी: संध्याकाळी उशिरा किंवा पावसाळी दिवसांत. नाहीतर हात लावू नका. पाणी पावसाचं असेल तर उत्तम. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने पानांवर पांढरी पुटं चढतात आणि ती जात नाहीत.

"ऊन नको, खत नको"

खत नकोच. युरियाचं पाणी पडलं तर करपतं. उन्हाचं मात्र सरसकट नाही. फुटपाथच्या फरशांच्या फटीत चंदेरी झाक असलेलं ब्रायम रोजचं ऊन खात जगतं. बहुतेकांना दुपारचं कडक ऊन सोसत नाही हे मान्य, पण 'ऊन नको' वाचून लोक कुंडी बाथरूममध्ये नेऊन ठेवतात आणि अंधारात ती संपते. खिडकीतला भरपूर उजेड लागतोच.

"२७५ झाडांइतकी हवा"

हा आकडा एका जर्मन कंपनीने स्वतःच्या यंत्राबद्दल सांगितला होता. ते यंत्र म्हणजे माणसाहून उंच सांगाडा: आत मॉस, हवा ओढणारे पंखे, आपोआप पाणी, सेन्सर. कंपनीचा तो दावा कितपत खरा यावर वाद घालता येईल; तुमच्या पंखे नसलेल्या टीचभर कुंडीशी त्याचा संबंध नाही, यावर येणार नाही.

आणि ऑफिसांच्या स्वागतकक्षात 'मॉस वॉल' म्हणून जी पोपटी भिंत असते, ती तर बहुतेकदा जिवंतही नसते. ग्लिसरीनमध्ये मुरवून रंगवलेली असते. शिवाय त्यातले ते फुगीर, स्पंजासारखे गोळे अनेकदा मॉस नसतातच. तो उत्तरेकडच्या थंड प्रदेशातला रेनडिअर लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावकीतला. शोभेला छान, पण ती भिंत हवा शुद्ध करते म्हणणं म्हणजे मसाल्याच्या डब्याकडून ऑक्सिजनची अपेक्षा धरणं.

"ट्रेकला गेलात तर उत्तमच"

अजिबात नाही. अभयारण्यातून असं काही खरवडून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते जगत नाही. आंबोलीत पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि धुकं दिवसचे दिवस हलत नाही. तिथलं मॉस कोथरूडच्या बाल्कनीत ऑक्टोबर हीट लागली की संपलं. आणि जिथून काढलं तिथला खडक उघडा पडतो तो पडतोच.

तुमच्या कुंडीसाठी योग्य मॉस तुमच्याच इमारतीवर आहे. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये वॉटरप्रूफिंगवाले येतात आणि गच्चीचा कठडा पत्र्याने खरवडतात. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, तो कचरा टाकू नका. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, मग अर्धी गोणी भरून दारात आणून ठेवली. काळा, कोरडा चुरा. पेरायला हवा त्याच अवस्थेतला. पाऊस लागल्यावर जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर आणि चार मातीच्या कुंड्यांवर तो चोळून दाबला आणि पागोळीच्या पाण्यात ठेवून दिला. चिऱ्यांवर आता बोटभर रुंदीचे ठिपके धरलेत. कुंड्यांपैकी एकीवर काहीच नाही. ती ताकवाली होती, नीट धुतली नव्हती.