माउस लेडीज पिंक, एक नग

बिलावर तसंच लिहिलंय. लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरून मी पोट भरते. त्यामुळे हे बिल माझ्याच खर्चाच्या फाइलला लागणार आणि मार्चनंतर माझे सीए ते मोठ्यानं वाचणार. माउस आहेही गुलाबी, तक्रार करायला तेवढीही जागा ठेवलेली नाही.

जुना माउस एकदा दाबला की दोनदा दाबल्याचं धरायला लागला होता. बटणाखालची इवलीशी कळ झिजली की हे होतं. एक्सेलमध्ये नुसती ओळ धरायला जावं तर ती उघडूनच बसायची. म्हणून ग्रँट रोडला उतरून मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.)

मला फार काही नको होतं. हातात नीट बसेल, संध्याकाळी मनगट ठणकणार नाही, आणि डाव्या हातानं चालवता येईल, एवढंच. मी डावरी आहे.

"लेफ्ट हँडचा?" शेठनी विचारलं. "मॅडम, माउसला कुठे हात असतो?"

आणि लगेच त्यांनी काउंटरवर ठेवला तो माउस उजव्या हाताचा होता. उभा, 'एर्गो', मनगटाला आराम देणारा. एका बाजूला अंगठ्यासाठी खोलगट खोबण. डाव्या हातात धरला की त्या खोबणीत करंगळी जाते आणि अंगठा हवेत राहतो. मी हे खोक्यावरच्या चित्रावरून सांगतेय, कारण खोकं उघडायचं नाही. "सील तोडला की माल तुमचा." चोवीसशे रुपयांची वस्तू, जिचा सगळा गुण हातात कशी बसते यात आहे, ती हातात घेण्याआधी विकत घ्यायची. वर शेठचा सल्ला: "उलटा पकडा ना."

"खोकं इकडे द्या," मागून आवाज आला.

हे काका केव्हापासून मागे उभे होते कोण जाणे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, ओली छत्री, रेक्झिनची बॅग. "वैधमापनमधून रिटायर झालो," ते म्हणाले. "तुम्ही वजनमापे म्हणाल." शेठ नकळत सरळ उभे राहिले. आतल्या मुलानं कानातला इअरफोन काढला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खोकं डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचलं. आयातदाराचं नाव, आहे. पत्ता, आहे. महिना-वर्ष, पुसट, पण आहे. ग्राहक तक्रारीसाठी फोन, आहे. "निव्वळ नग, एक." खोकं कानाशी हलवून खातरजमा केली. "ठीक. माप कुठंय?"

"कसलं माप?"

काकांनी उत्तर दिलं नाही. बॅगेतून शिंप्याची टेप काढली. "ताई, हात दाखवा." मी डावा पुढे केला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांनी टेप लावली, ताणली, ढिली केली, परत लावली. दुकानात आलेली कॉलेजची पोरं मोबाइल खाली करून बघत होती. "साडेसतरा सेंटिमीटर," काकांनी जाहीर केलं. "आता याचं सांगा. कुठल्या हाताला होतो?"

"सोळाशे डीपीआय," शेठ म्हणाले.

"म्हणजे?"

"एक इंच सरकवला की स्क्रीनवर सोळाशे ठिपके जातो."

"इंच?" काका दुखावले. "मेट्रिकचा कायदा १९५६ चा. २००९ ला नवा कायदा आला, त्यातही इंच नाही. आणि तुम्ही काउंटरवर उभे राहून इंच सांगता?"

"काका, कंपनीच लिहिते."

"चपलेला नंबर असतो. शर्टाला असतो. बांगडीवाला नुसतं मनगट बघून सांगतो, दोन-चार की दोन-सहा. आणि जी वस्तू या बाई आठ-आठ तास हातात धरणार, तिच्यावर वेग लिहिलाय, हाताचं माप नाही. यांना काय शर्यत लावायचीय?"

मला काका एकदम आवडायला लागले. इतक्या वर्षांत माझी बाजू इतकी मुद्देसूद कुणी मांडली नव्हती. हे प्रेम दोनएक मिनिटं टिकलं.

दुकानात एकच माउस उघडा होता, गेमिंगचा. सात रंगांचे दिवे, किंमत माझ्या फोनच्या आसपास. शेठनी तो पुढे सरकवला. काकांनी मूठ करून काचेच्या काउंटरवर इकडेतिकडे फिरवला. स्क्रीनवरचा बाण ढिम्म. "पडीक," काका म्हणाले. आता माउसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो, तो सेकंदाला हजारावर वेळा खालच्या पृष्ठभागाचे फोटो घेतो आणि फोटो किती सरकला यावरून हात किती सरकला ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला फोटो काढण्यासारखं काही दिसतच नाही. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "मग दुकानदारानं काचेवर का ठेवलाय?" याला उत्तर नव्हतं. शेठनी बिलबुक खाली सारलं, आणि बाण एवढा पळाला की एका पोरानं टाळी वाजवली.

"पण तुम्ही उजव्यानंच का नाही शिकत?" काका माझ्याकडे वळले. "माझ्या धाकट्या बहिणीचा डावा हात आई पाठीशी बांधून ठेवायची. महिन्याभरात सुधारली."

सुधारली! माझ्यावरही हे प्रयोग झालेत. शाळेत बाईंची पट्टी डाव्या हाताच्या सांध्यांवर बसायची, तीही उभी. प्रसादाला डावा हात पुढे गेला की आत्याची चापट. प्रसाद मी आजही उजव्यानं घेते, पन्नाशीला आले तरी, आणि आजही क्षणभर आजूबाजूला बघून घेते.

या रागापोटी मी माउसबद्दल बरंच वाचलंय. ही कल्पना अमेरिकेतल्या डग्लस एंगलबार्ट यांची. १९६४ साली त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माउस तयार केला, लाकडी खोक्यात, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत भरल्या सभागृहात एंगलबार्टनी तो चालवून दाखवला. उजव्या हाताला माउस होता, आणि डाव्या हाताला पाच पट्ट्यांचा छोटा संच, दोन-तीन पट्ट्या एकदम दाबून अक्षरं काढायची. म्हणजे मुळात दोन्ही हातांना नोकरी होती! पुढे डाव्याची गेली. पट्ट्यांचा संच विस्मरणात गेला, माउस जगभर गेला आणि उजव्याच्या मापानं कोरला जाऊ लागला. पेटंट १९७० मध्ये मिळालं, पण एंगलबार्टना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

आता कुणी म्हणेल, सेटिंगमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल करा. केलीय. मग माझ्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण 'याला काय झालंय' म्हणून माउस आपटतो. साइडची बटणं तर माझ्या करंगळीखाली येतात आणि अर्धा भरलेला फॉर्म न विचारता मागच्या पानावर जातो. लॉजिटेकनं २०२२ साली डाव्या हाताचा उभा माउस काढला खरा. तो मला ऑनलाइन दिसतो. मी त्याची किंमत बघते आणि टॅब बंद करते. शिवाय तोही हातात न धरताच घ्यायचा.

"साडेसतरा म्हणजे छोटा हात," शेठना एवढ्यात प्रकाश पडला. "मग आधी सांगायचं ना! लेडीज दाखव रे."

आतला मुलगा गुलाबी माउस घेऊन आला. दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून डाव्यालाही चालणारा, आणि तसला साधा माउस दुकानात दुसरा नव्हता. असतो तो लॅपटॉपच्या बॅगेत मावावा म्हणून लहान. हाताशी त्याचा काही संबंध नाही, बाईशी तर नाहीच. अर्ध्या तासात पंजा आखडतो. छापील किंमत नऊशे नव्व्याण्णव, शेठनी साडेचारशे सांगितले.

काकांनी खोकं पुन्हा डोळ्यांशी धरलं. "छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असते तर आत्ता केस केली असती," ते हळहळले. "निम्म्याहून कमी घेतो म्हणजे छापील किंमत खोटीच की. पण यावर कलम नाही." मग मला म्हणाले, "तुम्ही अर्ज करा. लिहून घ्या. विषय: माउसवर हाताचे माप नमूद नसणेबाबत. महोदय..."

"काका, तुम्हीच का नाही करत?"

"मी रिटायर झालो."

शेठनी बिल फाडलं. मग मोठ्या धीरानं काकांकडे वळून विचारलं, "बोला काका, तुम्हाला काय देऊ?"

"मला?" काका छत्री झटकत म्हणाले. "मी पाऊस थांबायची वाट बघतोय."