मांजराने धरलेला साप मारूनच टाकायचा का?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पार्किंगमध्ये कुणाचा तरी बोका एका नानेटीला पंजाने उलटीपालटी करतोय, ती सुटायची धडपड करतेय आणि मागून मोठी माणसं खिदळतायत. खाली टाळ्याच टाळ्या. "शाब्बास रे वाघा!" मग कुणीतरी लिहिलं, "अर्धमेला झाला होता, वॉचमनने ठेचला. विषय संपला."

विषय कसला संपला? नानेटी होती ती! बेडकांवर जगणारा बिनविषारी साप. पाठीवरचे दोन पिवळसर पट्टे व्हिडिओतसुद्धा स्वच्छ दिसत होते. पण बघायचं कुणाला होतं?

माझ्याही घरात मांजर आहे, म्हणून हे जास्त लागलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या चिंगीने मागच्या अंगणात तस्कर धरला होता. तस्कर चिडला की मान उभी फुगवतो, वळणं घेऊन अंगावर धावल्यासारखं करतो. विष मात्र थेंबभर नाही. आत्या आली होती, ती "नाग गं, नाग!" म्हणून ओरडायला लागली. बाबांनी काठी काढली. मी चिंगीला आत कोंडलं, कपडे भिजवायचा टब लांबूनच सापावर पालथा घातला, वर वीट ठेवली आणि सर्पमित्राला फोन लावला. एवढंच करायचं असतं. यात शौर्य काही नाही.

"निसर्गाचा नियम आहे," असं आज एका काकांनी लिहिलंय. कुठला निसर्ग, काका? पाकिटातलं खाणं खाऊन सोफ्यावर झोपणारं मांजर भूक म्हणून साप धरत नाही. ते आपण आणलं, आपण पोसलं, आपणच मोकळं सोडलं. त्याने कुणाला फाडलं तर निस्तरायचं कुणी? मांजराचा दोष नाहीच, शिकार त्याच्या अंगातच आहे. पण आपल्याला तरी अक्कल आहे ना?

हो, मण्यार किंवा घोणस असती तर? मान्य. म्हणूनच हात लावू नका म्हणतेय. देशात वर्षाला अंदाजे 58,000 माणसं सर्पदंशाने जातात, हे मलाही ठाऊक आहे. आत्याचा राग मला कधीच आला नाही. तिच्या लहानपणी गावात जमिनीवर झोपलेला तिचा चुलतभाऊ मण्यार चावून गेला. तिची भीती खरी आहे. त्या दिवशी सगळं निवळल्यावर तीच हळूच म्हणाली, "जगेल का गं तो?" आणि इथे व्हिडिओ काढून हसणाऱ्यांना कसली भीती होती? भ्यालेला माणूस इतक्या जवळून शूटिंग करत बसत नाही.

आमच्या तस्कराच्या मानेखाली फक्त चार ठिपके होते. रक्त जवळजवळ नाहीच. मला वाटलं, लागलं नाही फारसं, सोडून देतील. सर्पमित्र दादा म्हणाले, मांजराचा दात सुईसारखा आत जातो, वरचं भोक बुजतं, लाळेतले जंतू आत राहतात आणि नंतर पू होतो. साप झुडपात जाऊन कुजून मरतो, आपण मात्र "वाचवला" म्हणून खूश. त्यांनी आधी वनखात्याला कळवलं. पहिल्या दवाखान्याने "आम्ही साप बघत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं एका पारदर्शक नळीत सरकवलं आणि एकेक खवला उचलून सलाइनने जखमा धुतल्या. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात दिलं, कारण मागे दिलेलं औषध आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. पुढचा डोस थेट तीन दिवसांनी. थंड रक्ताचा जीव, औषधसुद्धा सावकाश वापरतो. मी तोंडाकडे बघतच राहिले त्यांच्या.

काही सर्पमित्र रील्ससाठी सापाचे मुके घेत फिरतात, त्यांचा मलाही वीट आलाय. पण त्या चार उनाडांमुळे सगळ्यांनाच नावं ठेवू नका.

आणि कृपा करून जखमेवर हळद-चुना भरू नका. दूध पाजू नका, साप दूध पीत नाही. तोंडात पाणी ओतू नका. उन्हात ठेवू नका. घरात ठेवून घेऊ नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे, तो फिरवा.

पुढे दादांनी फोटो पाठवला. तस्कराने कात टाकली होती. जखमांच्या जागी दोन-तीन खवले तेवढे वेडेवाकडे. वनखात्याच्या लोकांनी त्याला आमच्याच टेकडीच्या पायथ्याशी सोडला. आई तो फोटो अजून पाहुण्यांना दाखवते.

चिंगी आता तिन्हीसांजेनंतर घरातच असते. पहिले काही दिवस दारापाशी रडली, मग खिडकीत जागा पकडली. रात्री बाहेर मण्यार हिंडते, मांजरालाही ती सोडत नाही. निदान स्वतःच्या लाडक्यासाठी तरी दार लावा!

ग्रुपवर हेच सगळं लिहिलं, तर ॲडमिनने "वाद नको" म्हणून काढून टाकलं. म्हणून इथे लिहितेय. आपल्या बिल्डिंगमधलं कुणी वाचत असेल तर सर्पमित्राचा नंबर माझ्याकडे आहे. रात्री दोनला माझी बेल वाजवा, मी उठेन. फक्त तोवर वॉचमनला काठी देऊ नका.