नियम क्रमांक सहा

आमच्या महाविद्यालयाच्या 'ऑनलाइन अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नियमावली'त सध्या २३ नियम आहेत. त्यातला सहावा असा : 'विद्यार्थ्याने अर्जात स्वतःचेच नाव भरावे.' कुणी पाहुणे आले की प्राचार्य त्यांना कौतुकाने ही नियमावली दाखवतात. पाहुणे सहाव्या नियमापाशी थबकतात, चष्मा सारखा करतात आणि माझ्याकडे बघतात. नियम माझ्या हातचे आहेत, त्यामुळे मला बघून घ्यावंच लागतं. त्यांचा दोष नाही. त्यांना माणदेशी वाघ माहीत नसतो.

मुळात मी मराठी शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ सालच्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून करता येतात. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. मुलांना मार्गदर्शन करायला महाविद्यालयाने आपला एक शिक्षक नेमावा, हेही त्यात आहे. तो कोणत्या विषयाचा असावा, हे मात्र नाही. हा शिक्षक नेमण्याच्या बैठकीत संगणकाचे सर म्हणाले, माझा कार्यभार ओसंडून वाहतोय. वाणिज्यवाल्या मॅडमकडे नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, फाइल होती. भूगोलाचे सर सहल घेऊन गेले होते, आणि अशा बैठकांच्या वेळी ते नेमके सहलीवरच असतात. प्राचार्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "तुम्ही मराठीचे," ते म्हणाले, "म्हणजे नियम शुद्धलेखनासकट होतील."

अशा रीतीने मी पायथॉन या संगणकाच्या भाषेचा मार्गदर्शक झालो.

पहिल्या वर्षी नियम फक्त ५ होते आणि मला ते पुरेसे वाटत होते. पण नियमांचं असं आहे की ते विचार करून सुचत नाहीत. एखादा मुलगा दारात येऊन उभा राहतो, तेव्हा सुचतात. आमच्या यादीतल्या प्रत्येक नियमाला नाव, गाव आणि हजेरी क्रमांक आहे. फक्त तो छापत नाहीत.

सहाव्याचंच घ्या. आमचा एक लोखंडे. परीक्षेच्या अर्जात 'प्रमाणपत्रावर जसे हवे तसे नाव' लिहायचं असतं. हे वाक्य त्याने फार मनावर घेतलं. त्याला जसं हवं होतं तसं, म्हणजे इन्स्टाग्रामवर होतं तसं, त्याने लिहिलं : माणदेशी वाघ. शुल्क भरलं, फोटो चढवला, सही चढवली. परीक्षेच्या सकाळी हॉलतिकीट आणि आधार कार्ड घेऊन सोलापूरच्या केंद्रावर हजर. दारातल्या पर्यवेक्षकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि मला तिथूनच फोन आला.

"सर, तुमचा एक विद्यार्थी आहे. वाघ."

"आमच्याकडे वाघ नाहीत," मी म्हणालो. आमच्या वर्गात खरंच कुणी वाघ नव्हतं.

"हॉलतिकिटावर आडनाव वाघ आहे, आधारवर लोखंडे. दत्तक वगैरे काही?"

मागून लोखंडेचा आवाज येत होता, "सर, वाघ आडनाव नाही, उपमा आहे!" मी त्याला दुसऱ्या सत्रात अलंकार शिकवले होते. उपमा आणि रूपक यातला फरक त्याला अजून कळलेला नव्हता, हे त्या गडबडीतही माझ्या लक्षात आलं.

तसं पाहिलं तर आपल्याकडे नावाचा गोंधळ घालायला इन्स्टाग्रामची गरज नाही. महाविद्यालयाच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा करायला जो १२ अंकी क्रमांक काढावा लागतो, तिथे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. 'शिवाजी'चं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एका पद्धतीने, दुसऱ्यावर दुसऱ्या. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा शासनाचा निर्णय झाला आहे. निर्णय चांगलाच आहे. ती मुलं महाविद्यालयात येतील तेव्हा मी निवृत्त झालेलो असेन, म्हणून तो मला अधिकच चांगला वाटतो.

सातवा नियम 'नाव नोंदवणे आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत' असा आहे. हा नियम आहे की माहिती, असं वाणिज्यवाल्या मॅडमनी विचारलं. तो टाहो आहे. कोर्सला नाव घालायला एक पैसाही पडत नाही, त्यामुळे मुलं सढळ हाताने घालतात. एकाने तर पशुवैद्यकापासून पोलादाच्या रचनेपर्यंत जे दिसेल त्याला घातलं होतं. पण परीक्षेचा अर्ज निराळा, त्याची मुदत निराळी आणि 'स्वयम्'वर आमचे कोर्स चालवणाऱ्या, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलच्या परीक्षेचं शुल्क विषयाला १००० रुपये. ती मुदत टळली की मुलगा बारा आठवडे शिकतो, सगळं करतो, आणि परीक्षेच्या दिवशी त्याला कळतं की आपण नुसतेच ज्ञानी झालो आहोत.

आणि हे सगळं घरी समजावणं! परीक्षा केंद्रावर जाऊन, संगणकासमोर बसून, पहाऱ्यात द्यायची असते. सोलापूरच्या जागा भरल्यावर जागं झालेल्या एका मुलीला पुणं घ्यावं लागलं. तिचे आजोबा माझ्याकडे आले.

"सर, कोर्स आनलाइन हाय न्हवं?"

"हो, आबा."

"मग पोरगी पुण्याला कशापायी?"

"परीक्षेला."

"परीक्षा आनलाइन न्हाई व्हय?"

"आहे ना. पण ती पुण्यात जाऊन ऑनलाइन द्यायची."

आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "एसटीला बायांला अर्धं तिकीट हाय म्हणून बरं हाय."

पण खरी बुद्धिमत्ता बघायची असेल तर गुणांच्या हिशेबात बघावी. आमचा पायथॉनचा कोर्स बारा आठवड्यांचा, म्हणजे ३ श्रेयांकांचा. दर आठवड्याला एक असाइनमेंट, आणि बारातल्या उत्तम आठांचेच गुण धरतात. कोर्स काय आहे, कोण शिकवतं, पायथॉन म्हणजे काय, यातलं काहीही कळण्याआधी वर्गाला एक गोष्ट कळली : चार माफ आहेत. आता शहाणा माणूस या चार सुट्ट्या अडीनडीला राखून ठेवील. आमच्या मुलांनी पहिल्या चार आठवड्यांतच त्या खर्चून टाकल्या. एक जत्रेला, एक मामाच्या मुलीच्या लग्नाला, एक क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेला, आणि चौथी राहिलीच आहे तर वाया का घालवा म्हणून. पाचव्या आठवड्यापासून सगळे कड्याच्या टोकावर उभे.

मुदत बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची. दहाला पाच कमी असताना माझा मोबाइल शांत असतो. साडेअकराला पहिला संदेश येतो, "सर जागे आहात का". मी उत्तर देत नाही. मग येतो, "सर झोपलात का". याही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. पावणेबाराला एकजण फोनच करतो, "सर, लूप संपतच नाही." मी काय सांगणार? माझाही संपत नव्हता. त्यातून अकरावा नियम आला, 'समन्वयकांना रात्री दहानंतर फोन करू नये.' तेव्हापासून मुलं फोन करत नाहीत. रडवेल्या आवाजात ध्वनिमुद्रित संदेश पाठवतात, आणि मागे कुत्री भुंकत असतात.

एका हुशार मुलाने तर सरळ गणित मांडलं. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५, उत्तीर्ण व्हायला एकूण ४०. म्हणजे असाइनमेंट सोडूनच द्या, परीक्षेत झोडून काढू. आणि पठ्ठ्याने खरंच ६१ काढले. असाइनमेंटात ९. प्रमाणपत्र आलं नाही, कारण २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असं दोन्हीकडे लागतं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, एक गुणासाठी?" मी म्हणालो, "अरे, एकूण ७० आहेत तुझे, वर्गात पहिला आहेस." त्याला ते सांत्वन वाटलं नाही. बाराव्या नियमात त्यानंतर दोन्ही आकडे ठळक अक्षरांत छापले आहेत. ते आजवर फक्त मी वाचले आहेत.

यापुढचे नियम लिहिले मीच, पण ते माझे नाहीत. ते प्राचार्यांचे. त्यांचं म्हणणं असं, की विद्यार्थी आमचा, म्हणून ७५ टक्के हजेरीचा नियम ऑनलाइन विषयालाही लागू. म्हणजे मुलांनी ठरलेल्या तासाला संगणक कक्षात येऊन ऑनलाइन शिकायचं. संगणक वीस, चालू त्याहून बरेच कमी, मुलं साठ. मग एकच चित्रफीत पडद्यावर लावायची आणि सगळ्यांनी बाकांवर बसून बघायची, असं ठरलं. मी शेजारी खडू घेऊन उभा. वीज गेली की पडदा काळा होतो आणि साठ जण माझ्याकडे वळतात. अशा वेळी मी कविता शिकवतो. हजेरी पायथॉनची लागते.

पुरावा हवा, हेही प्राचार्यांचंच. "मुलं ऑनलाइन शिकली, याला पुरावा काय?" म्हणून सतरावा नियम : 'ऑनलाइन शिकत असतानाचे जिओटॅग केलेले छायाचित्र सादर करावे.' छायाचित्राच्या खाली नकाशा, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं उमटलं पाहिजे. या नियमाने मला माझा तालुका जेवढा दाखवला, तेवढा पंधरा वर्षांच्या नोकरीत दिसला नव्हता. डाळिंबाच्या बागेत बसलेली मुलं. पाण्याच्या टाकीवर चढलेल्या मुली, कारण रेंज तिथेच येते. एकजण म्हशीची धार काढताना, मोबाइल शिंगाला अडकवलेला. एकाचं छायाचित्र आलं, कानात इयरफोन, चेहरा गंभीर, मागे निळं पाणी. मी म्हटलं तलाव असेल. खाली बघतो तर कळंगुट, गोवा.

मी त्याला बोलावून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, ऑनलाइन म्हणजे कुठूनही शिकता येतं, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. अठराव्या नियमात 'कुठूनही' हा शब्द आता 'तालुक्यात कुठूनही' असा आहे.

हमीपत्राची कल्पनाही वरूनच आली. पालकाने लिहून द्यायचं : 'माझा पाल्य मोबाइलचा वापर केवळ शैक्षणिक कारणासाठी करील, याची मी हमी देतो.' तीन प्रती. ऑनलाइन नोंदणीची छापील प्रत, तीही तिप्पट, सोबत जोडायची. कार्यालयातले भाऊसाहेब त्या टाचण्या लावून कपाटात ठेवतात. ऑनलाइन शिक्षण सुरू झाल्यापासून आमच्याकडे कागद वाढला आणि एक कपाट नवीन आलं. एका मुलाचे वडील शेतातून तसेच आले, हमीपत्र दोनदा वाचलं.

"सर, सही करतो मी. पर ह्याची हमी मी कशी घ्यावी?"

"दादा, तुमचा मुलगा आहे."

"म्हणून तर म्हणतो. तुमी घेता का?"

शेवटी आम्ही दोघांनीही सही केली. एकमेकांकडे न बघता.

मागच्या आठवड्यात तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी अर्ज घेऊन आली. भाषाविज्ञानाच्या पेपरऐवजी तिला भाषाविज्ञानाचाच ऑनलाइन कोर्स करायचा होता. भाषाविज्ञान मी शिकवतो. मी आधी ती चुकून आली असेल म्हणून पायथॉनचा अर्ज पुढे केला. तिने तो नम्रपणे परत केला. मग मी नियम चाळायला लागलो. चाळीस टक्क्यांत बसत होतं. विषय समकक्ष होता. अभ्यासमंडळाची मंजुरी होती, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तावर अध्यक्ष म्हणून माझीच सही होती. नाव आधारप्रमाणे, बारा अंकी क्रमांक बरोबर, परीक्षेचं शुल्क मुदतीच्या आत भरलेलं, हमीपत्र तीन प्रतींत, पालकाची सही खरी. मी लिहिलेले २३ च्या २३ नियम पाळलेला असा अर्ज मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

राहता राहिलं जिओटॅगचं छायाचित्र. ऑनलाइन नमुना तास बघत असताना तिने ते मैत्रिणीकडून काढून घेतलं होतं. तालुक्यातलंच होतं. तालुक्यातलंच काय, आमच्या इमारतीतलं होतं. खोली क्रमांक १४, शेवटचा बाक, बुधवार, सकाळी १० वाजून २० मिनिटं. कानात इयरफोन, वही उघडी, चेहऱ्यावर एकाग्रता. पार्श्वभूमीला फळा होता, आणि फळ्यासमोर हात वर करून स्वनिम म्हणजे काय ते तळमळीने समजावून सांगत मी उभा होतो.

अक्षांश, रेखांश तपासले, आणि शिक्का मारला.