पुढच्या महामारीत मदत कशी वाटावी

भाऊ, उद्या आणखी एखादी महामारी आली अन् गावात पैसे वाटायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं तर बिलकुल घाबरू नका, 2020 चा अनुभव आहे नं आपल्याजवळ.

पहिले टीव्हीवर घोषणा. जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल ते जून, महिन्याला 500 रुपये. आता जिचं खातं आहे पण जनधनचं नाही, तिला खुशाल खात्यापित्या घरची समजायचं, मग ती दुसऱ्याच्या वावरात निंदायला का जात असेना.

मग लोकांना सांगा घरात बसा, अन् पैसे ठेवा तालुक्याच्या बँकेत, एसटी बंद. गर्दी नको म्हणून खाते नंबरच्या शेवटच्या आकड्यावर तारखा लावा: 0 अन् 1 वाल्यांनी 3 एप्रिलला यावं, 8 अन् 9 वाल्यांनी 9 तारखेला. लय डोकं लावलं होतं बाप्पा! पण "काढले नाही तं सरकार पैसे वापस घेते" ही अफवा एसटीशिवायही गावोगाव पोचते, अन् खुलासा येईपर्यंत सगळे आकडे एकाच दिवशी बँकेसमोर हजर. चुन्यानं आखलेल्या गोलांत चपला अन् पिशव्या अंतर ठेवून रांगेत, अन् त्यांच्या मालकिणी निंबाखाली एकमेकींना खेटून.

अंगठ्याचं मशीन मात्र विसरू नका. कापूस वेचून रेषा घासलेला अंगठा, वरून सॅनिटायझर, मग बँकमित्र म्हणते "काकू, पदराला पुसून पुन्हा लावा", काकू लावते, रेंज जाते. नाहीच झालं तर आधार अपडेट करून आणा म्हणायचं, सेंटर लॉकडाऊनमध्ये बंद आहे तो तिचा प्रश्न.

बांधकाम मजुरांना 2021 मध्ये 1500 दिले, पण नोंदणी असलेल्यांनाच. नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागते अन् ठेकेदार तो देत नाही, म्हणजे तुमचं वाटप आपोआप हलकं.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासीला खावटी, म्हणजे पोटापाण्यासाठीची सरकारी मदत, द्यायची असेल तर घाई करूच नका. सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर करा, 2000 रोख अन् 2000 चं सामान, अन् दुसऱ्या लाटेत एप्रिल 2021 च्या पॅकेजात तेच रोख 2000 पुन्हा जाहीर करा. एका मदतीत दोनदा टाळ्या.

तक्रारी येतीलच, घ्या. फक्त फॉर्मवर पहिला रकाना लाभार्थी क्रमांकाचा ठेवा अन् तो भरणं सक्तीचं करा.